आईन आणि आईना

"आपा, तुम शहरियत पढाते ना? तो मेरेकू अमरीका की शहरियत पढाओ. नापास हुई तो इने रोज बोलते रहेंगे."

नोव्हेंबर २०२३ चे शेवटचे दिवस होते. रात्रीचे साडेआठ वाजले होते. इशाची नमाज उरकून मी नववीच्या चाचणीच्या वह्या तपासायला घेतल्या होत्या. न्यू जर्सीत त्या वेळी सकाळचे दहा वाजले होते आणि फोनवर माझी चुलतबहीण होती. घरात तिला सगळे 'छोटी'च म्हणतात. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आम्ही दोघी बीड जिल्ह्यातल्या एकाच उर्दू शाळेत, एकाच टाटपट्टीवर बसून शिकलो. मी पुढे बी.ए., बी.एड. केले आणि उर्दू हायस्कूलमध्ये इतिहास-नागरिकशास्त्र शिकवू लागले. छोटीने बारावी केली. २०१० मध्ये तिचा निकाह झाला आणि ती नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. मुलगी तिथेच जन्मली. आता नवरा-बायको दोघांनी तिथल्या नागरिकत्वासाठी अर्ज केला होता.

त्यासाठी एक परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेचे संविधान, सरकार आणि इतिहास यांवरच्या शंभर प्रश्नांची यादी आधीच देतात. मुलाखतीला बसलेला अधिकारी त्यांतले दहापर्यंत प्रश्न तोंडी विचारतो. सहा बरोबर आले की पास. शिवाय इंग्रजीतले एक वाक्य वाचून दाखवायचे आणि एक लिहून दाखवायचे. (ऑक्टोबर २०२५ पासून ही यादी १२८ प्रश्नांची झाली. आता वीसपर्यंत विचारतात आणि बारा बरोबर यावे लागतात. छोटीच्या वेळी जुनीच पद्धत होती.) तिचा नवरा इंजिनिअर, त्याने यादी आठवड्यात पाठ केली. छोटीचे इंग्रजी मात्र दुकानापुरते आणि मुलीच्या शाळेपुरते. ती घाबरली होती.

मला हसू आले. अमेरिकेची राज्यघटना मी बी.ए.ला गाईडमधून वाचली होती, तीही दहा मार्कांच्या टिपेसाठी. पण बहिणीला नाही कसे म्हणणार? पुढचे चार महिने आठवड्यातून तीन दिवस आमचा वर्ग भरला. मी आधी रात्री वाचायचे आणि मग तिला शिकवायचे. खरे म्हणजे त्या वर्गात दोन विद्यार्थिनी होत्या.

घरात मात्र वातावरण चांगले नव्हते. छोटीचे अब्बा, म्हणजे माझे चाचा, तिच्याशी बोलत नव्हते. कारण कळायला आमच्या दादाजानची, म्हणजे आजोबांची गोष्ट सांगायला हवी.

दादाजान निजामाच्या राज्यात जन्मले. त्या काळी माणूस 'शहरी' नसे, 'रिआया' असे. मालकाची प्रजा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते वीस वर्षांचे होते. त्या दिवसांत आमच्या भागातल्या अनेक मुसलमान घरांनी भीती पाहिली, काहींनी त्याहून अधिक पाहिले. दादाजानचे दोन भाऊ कराचीला गेले. दादाजान गेले नाहीत. "माँ-बाप की कबरां इधर हैं," एवढेच ते म्हणत. २६ जानेवारी १९५० ला ते कुठलीही परीक्षा न देता, कुठलाही अर्ज न करता रिआयाचे शहरी झाले. पहिल्या निवडणुकीत मत देऊन आले तेव्हा बोटावरची शाई त्यांनी घरातल्या सगळ्यांना दाखवली, असे दादी सांगायची.

"अब्बा नहीं गए, और ये चली," हे चाचांचे एकच वाक्य होते. मनातून मलाही तसेच वाटत होते. छोटीला मी हे कधी बोलून दाखवले नाही, पण शिकवायला बसले की ते घशात अडकायचे.

पहिल्याच दिवशी यादीतला एक प्रश्न आला. संविधानाचे पहिले तीन शब्द कोणते? 'वी द पीपल'. छोटीने ते उर्दू लिपीत लिहून घेतले. ती सगळी इंग्रजी उत्तरे अशीच लिहायची, उजवीकडून डावीकडे, आणि वहीचा फोटो मला पाठवायची. त्या दिवशीच्या फोटोत पानाच्या वर मोठ्या अक्षरांत मथळा होता, 'अमरीका का आईना'. उर्दूत संविधानाला आईन म्हणतात. शेवटी एक 'हे' जास्तीचा लागला की आईना होतो, म्हणजे आरसा. मी सवयीने लाल खूण करून फोटो परत पाठवला.

त्यावर तिचा फोन आला. चुकीबद्दल ती काही बोलली नाही. तिने विचारले, "आपा, ये 'हम' बोले तो कौन? इसमें हमलोगां हैं क्या?"

बारा वर्षे मी 'हम भारत के अवाम' शिकवत आले. एकाही मुलाने मला हा प्रश्न विचारला नव्हता, आणि मीही विचारू दिला नसेल. मी पुस्तके उघडली.

१७ सप्टेंबर १७८७ ला फिलाडेल्फियात या संविधानावर एकोणचाळीस प्रतिनिधींनी सह्या केल्या. त्यांत एकही स्त्री नव्हती, एकही काळा माणूस नव्हता, तिथला मूळचा रहिवासीही नव्हता. गुलाम हा शब्द मूळ मजकुरात कुठेच नाही. लिहिणाऱ्यांना लाज वाटली असावी. पण लोकसंख्या मोजताना स्वतंत्र माणसे पूर्ण धरायची आणि 'इतर व्यक्ती' तीन-पंचमांश धरायच्या, असे कलम आहे. हे इतर म्हणजे गुलाम. त्यांना मत नव्हते, पण त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्यांना जास्त जागा मिळायच्या. आणखी एक कलम असे की, माणसे आयात करण्याचा धंदा १८०८ पर्यंत संसदेला बंद करता येणार नाही.

यादीत प्रश्न होता, अमेरिकेत कोणाला आणून गुलाम म्हणून विकले? उत्तर एका शब्दाचे, आफ्रिकन. मी छोटीला म्हटले, एवढ्यावर मार्क मिळतील, पण थांब, एक गोष्ट ऐक.

उमर इब्न सैद नावाचे एक आलिम होते. पश्चिम आफ्रिकेतल्या फुता तोरोचे, आजच्या सेनेगलच्या बाजूचे. अनेक वर्षे इल्म शिकलेले. १८०७ मध्ये, धंदा बंद होण्याच्या अगदी तोंडावर, त्यांना पकडून चार्ल्स्टनच्या बंदरात विकले. ते पळाले, पकडले गेले, आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या तुरुंगात भिंतींवर कोळशाने अरबीत लिहू लागले. १८३१ मध्ये त्यांनी आपली जीवनकथा अरबीत लिहिली. ते हस्तलिखित आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. हे लिहिण्यापूर्वीच त्यांचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. पण जीवनकथेची सुरुवात त्यांनी सूरह मुल्कने केली आहे.

छोटी गप्प झाली. सूरह मुल्क आम्ही दोघी लहानपणापासून झोपण्यापूर्वी पढतो. दादीने शिकवली होती. सारी सत्ता, सारा मुल्क कोणाच्या हातात आहे, हे तिच्या पहिल्याच आयतीत येते. ज्याच्यावर दुसऱ्या माणसाची मालकी कागदोपत्री सिद्ध होती, त्या माणसाने लिहायला बसल्यावर पहिले हेच लिहावे! गुलामी बंद करणारी तेरावी दुरुस्ती १८६५ ला आली. तोवर उमर हयात नव्हते.

"मतलब आपा, हमारे लोगां हमसे पहले के उधर हैं," छोटी म्हणाली. त्यानंतर तिची भीती थोडी कमी झाली, असे मला वाटते.

मग आम्ही दुरुस्त्या शिकलो. मूळ संविधानात सातच कलमे. दुरुस्त्या सत्तावीस. मी मुलांना नेहमी आकडे पाठ करायला लावते, पण छोटीने त्यांची रांग लावली की त्यातून गोष्ट दिसू लागली. १८६५ ला गुलामी गेली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने तिथे जन्मलेला तो नागरिक ठरला आणि कायद्याचे समान संरक्षण आले. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने काळ्या पुरुषांचे मत कागदावर आले. ते प्रत्यक्ष हातात पडायला अनेक ठिकाणी १९६५ चा मतदान हक्क कायदा लागला. १९२० ला स्त्रियांचे मत. प्रत्येक दुरुस्ती म्हणजे 'हम' या शब्दात कोणीतरी उशिरा आत आलेले. आणि कोणालाही आतल्यांनी आपणहून दार उघडून दिले नाही. बाहेर उभ्या असलेल्यांनी तोच कागद वाचून दाखवला आणि विचारले, इथे 'लोक' लिहिले आहे, आम्ही कोण आहोत?

आपल्या लोकांचीही एक जागा या रांगेत आहे. १७९० च्या कायद्याने परदेशी माणसांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसालाच नागरिकत्व मिळायचे. भगतसिंग थिंद हे पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करात भरती झालेले. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा माणूस गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. भारतीयांसाठी हे दार १९४६ च्या कायद्याने उघडले, तेही वर्षाला शंभर माणसांच्या कोट्याने. छोटीला मी म्हटले, तू ज्या खुर्चीवर बसून मुलाखत देणार आहेस, ती खुर्ची दादाजान अठरा वर्षांचे होईपर्यंत आपल्यासाठी नव्हतीच.

धर्माचा धडा सोपा जाईल असे वाटले होते. पहिली दुरुस्ती, १७९१. सरकारने कुठलाही धर्म प्रस्थापित करायचा नाही आणि कोणाच्या आचरणात अडथळा आणायचा नाही. त्याहीआधी मूळ सहाव्या कलमातच लिहिले आहे की, सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. म्हणूनच जानेवारी २००७ मध्ये किथ एलिसन हे पहिले मुस्लिम संसदसदस्य कुरआनवर हात ठेवून शपथेचा विधी करू शकले. ती प्रत थॉमस जेफरसन यांच्या संग्रहातली होती. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे, कुरआनचा इंग्रजी तर्जुमा विकत घेणारे आणि शेकडो गुलामांचे मालक, तिन्ही एकच जेफरसन. माणसे अशीच असतात. आपल्या लिहिण्याहून लहान.

पण यादीत आणखी एक प्रश्न होता, आणि छोटी तो सारखा टाळायची. ११ सप्टेंबर २००१ ला कोणती मोठी घटना घडली?

"जवाब आता है आपा. पर मैं स्कार्फ बाँध के बैठूंगी, और वो मेरे मुँह से सुनेंगे. मेरेकू कैसा लगेगा?"

मला तिची गोष्ट कळली. मी इथे बसून कळली. कुठे काही घडले की दुसऱ्या दिवशी एसटीत, बँकेच्या रांगेत आपण उगीच आवाज खाली करतो. कोणी काही म्हणत नाही, तरीही. छोटीच्या परीक्षेला निदान छापील यादी होती. आपल्याला कधीकधी अशी परीक्षा द्यावी लागते, जिचा अभ्यासक्रम कोणी सांगत नाही.

मी तिला जपानी वंशाच्या अमेरिकनांबद्दल सांगितले. १९४२ मध्ये, युद्धाच्या भीतीने, सुमारे एक लाख वीस हजार माणसांना घरांतून उचलून छावण्यांत ठेवले. त्यांतले बहुतेक तिथेच जन्मलेले, चौदाव्या दुरुस्तीने नागरिक. सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये त्यावर मान डोलावली. छोटी एकदम म्हणाली, "फिर आईन किधर था उस वक्त?"

मी काय उत्तर देणार? आईन तिथेच होता. ज्यांनी तो वाचायचा, त्यांना भीती वाटत होती. १९८८ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. २०१८ मध्ये न्यायालयाने १९४४ चा तो निकाल चुकीचा होता, असे लिहिले. पण ते लिहिले कुठे? काही मुस्लिमबहुल देशांच्या लोकांना घातलेली प्रवेशबंदी ज्या निकालपत्राने कायम ठेवली, त्यातच. एका हाताने जुनी चूक पुसली आणि दुसऱ्या हाताने नव्या वादाला तोंड दिले. पुढे २०२१ मध्ये ती बंदी उठली.

त्या रात्री छोटीने मला माझीच लाल खूण परत पाठवली. खाली लिहिले होते, "आपा, मैं गलत नहीं लिखी थी. ये आईना भी है. मुँह खराब दिखा तो आईना नहीं तोडते, मुँह धोते."

मला उत्तर सुचले नाही.

मुलाखत मार्च २०२४ मध्ये झाली. अधिकारी एक वयस्कर बाई होत्या. लागोपाठ सहा प्रश्न बरोबर आले म्हणून त्यांनी तिथेच थांबवले. मार्टिन ल्युथर किंग यांनी काय केले, हा त्यांतला एक. ११ सप्टेंबरचा प्रश्न विचारलाच नाही. ज्याची तिने सर्वांत जास्त तयारी केली, तो आलाच नाही! माझ्या विद्यार्थ्यांचेही नेहमी असेच होते.

शपथ मात्र बाकी होती. तिच्या मजकुरात पूर्वीच्या देशाची निष्ठा सोडत असल्याचे स्पष्ट म्हणावे लागते. आपल्या कायद्यातही दुहेरी नागरिकत्व नाही. भारतीय पासपोर्ट जमा करून रद्द करून घ्यावा लागतो. ओसीआय कार्ड मिळते, त्यावर येता-जाता येते, पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. शपथेच्या आदल्या रात्री छोटी रडली. "दादाजान माफ करेंगे क्या?" असे तिने विचारले.

चार महिने घशात अडकलेले ते वाक्य तेव्हा माझ्या घशातून उतरून गेले. मी म्हटले, दादाजान कबरींसाठी राहिले, तू लेकीसाठी राहते आहेस. दोघांनीही आपली माणसे सोडली नाहीत. आणि दादाजानना जे बसल्या जागी मिळाले, ते कसे घडते, हे तू शिकून घेतलेस. मी चाचांनाही हेच सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण शपथेच्या दिवशी मोबाइलवर नातीचा चेहरा दिसला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

पुढच्याच वर्षी, २० जानेवारी २०२५ ला, तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की, तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या आई-बापांच्या यापुढे जन्मणाऱ्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळू नये. छोटी तशाच व्हिसावर होती तेव्हा तिची मुलगी जन्मली. आदेश जुन्या मुलांना लागू नव्हता, तरी तिचा फोन आला. काही दिवसांतच न्यायालयांनी त्या आदेशाला स्थगिती दिली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या वेळी छोटीने मला विचारले नाही, मला सांगितले. चौदावी दुरुस्ती काय म्हणते, १८९८ मध्ये वाँग किम आर्क या चिनी आई-बापांच्या मुलाच्या बाजूने निकाल कसा लागला होता, सगळे. माझी विद्यार्थिनी आता मला शिकवत होती.

या सगळ्याने माझ्या वर्गात काय बदलले, ते सांगून संपवते.

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. शाळेत झेंडावंदन होते. तोच दिवस अमेरिकेत संविधान आणि नागरिकत्व दिन म्हणून पाळतात, हे मला छोटीमुळे कळले. २०२४ च्या त्या दिवशी झेंडावंदनानंतर मी नववीच्या मुलांना तमहीद पाठ म्हणायला लावली नाही. वहीत फक्त 'हम' लिहा आणि त्याखाली या 'हम'मध्ये कोण कोण आहे ते लिहा, असे सांगितले. मग मी त्यांना सांगितले की आपली घटना लिहिणाऱ्या सभेत स्त्रिया होत्या, बेगम ऐजाज रसूल या मुस्लिम बाई होत्या, मौलाना आझाद होते. आणि मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. लहानपणी शाळेत गोणपाटावर वेगळे बसवलेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकलेले. 'हम'च्या बाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

वह्या मी घरी आणल्या. मुलांनी अम्मी, अब्बू, शेजारी, क्रिकेटर, पोलीस असे काय काय लिहिले होते. एका मुलीचे घर दरवर्षी ऊसतोडीला जाते. दिवाळीनंतर ती वर्गात नसते. तिने लिहिले होते, "टोळी के सब लोग. मुकादम भी. जो स्कूल नहीं आते वो भी." आणि पानाच्या वर, मोठ्या अक्षरांत, 'भारत का आईना'.

मी लाल पेन उचलला. शुद्धलेखन ते शुद्धलेखन, शेवटचा 'हे' मी खोडला. पण मार्क कापला नाही.